रीफ टाकीसाठी एलईडी: पक, बार, पॅनेल की टी५ची जोड?

रीफ टाकीचा, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा, दिवा घेताना बहुतेक जण आधी वॅट बघतात. माझ्या मते आधी टाकीची लांबी-रुंदी बघावी. एलईडीची ताकद ॲपमधून हवी तेवढी कमी करता येते, पण प्रकाशाचा पसारा ॲपमधून वाढत नाही. तो फिटिंगचा आकार, लेन्स आणि दिवा टांगायची उंची यांवर ठरतो, आणि यातल्या दोन गोष्टी खरेदीच्या दिवशीच कायमच्या ठरून जातात.

कोरलच्या शरीरात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. त्याला उपयोगी पडणारा प्रकाश म्हणजे पार: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणारा, मायक्रोमोलमध्ये मोजलेला. मशरूम, लेदर आणि झोआ या सॉफ्ट (मऊ) कोरलांना साधारण ५० ते १२० पुरतात. टॉर्च-हॅमरसारखे एलपीएस (कठीण सांगाड्याचे, मोठ्या पॉलिपचे म्हणजे फुलासारख्या मोठ्या तोंडांचे कोरल) ८० ते १५०मध्ये खूश असतात. अक्रोपोरासारख्या फांद्यांच्या एसपीएसला (लहान पॉलिपच्या कठीण कोरलला) २०० ते ३५० लागतात. हे सगळे एकाच टाकीत हवे असतील, तर वाळूवर ८० आणि खडकाच्या माथ्यावर ३०० अशी उतरंड तुम्हाला हवीच आहे. घात होतो तो आडवा फरक पडला की. एकाच पातळीवर मधोमध साडेतीनशे आणि कोपऱ्यात शंभरही नाही, असं चित्र सर्रास दिसतं.

हा आडवा फरक सर्वांत जास्त पडतो तो पक प्रकारात. रेडिऑन एक्सआर१५, एआय हायड्रा, केसिल ए३६०एक्स हे सगळे या घरातले. थोड्या जागेत दाटीने बसवलेले एलईडी, वर लेन्स. यांचे गुण खरे आहेत. पाण्यावरची लाट वाळूवर नाचताना दिसते, रंगांवर चॅनेलनिहाय (एकेका रंगगटावर वेगळा) ताबा मिळतो, आणि टाकीत हात घालायला वरची बाजू मोकळी राहते. एका पकमागे साधारण ६० सेंटिमीटरचा चौकोन धरावा. एसपीएस ठेवायचे असतील तर ४५चाच.

पण पकखाली वाढलेली अक्रोपोराची मोठी कॉलनी एकदा जवळून बघाच. वरची टोकं जांभळी-निळी, तजेलदार. त्याच फांदीची खालची बाजू आधी तपकिरी, मग फिकी, आणि बुंध्यापाशी ऊती निघून गेलेला पांढरा सांगाडा. प्रकाश एकाच बिंदूतून येत असल्याने फांदी स्वतःचीच सावली स्वतःवर पाडते. फ्रॅग (वाढवायला लावलेला कोरलचा तुकडा) लहान असताना हे दिसत नाही, म्हणून दिवा घेतल्यावर वर्षभर सगळं छान वाटतं. (अशी झीज अल्कलिनिटीच्या, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटच्या पातळीच्या, चढउतारानेही होते. सावलीकडच्या बाजूलाच असेल तर संशय दिव्यावर घ्यावा, चहूबाजूंनी असेल तर पाणी तपासावं.)

मोठं, डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारा पडदा) लावलेलं पॅनेल ही सावली बरीच पुसून टाकतं. फिलिप्सचा कोरलकेअर हे याचं ठळक उदाहरण. रुंद पृष्ठभागावरून प्रकाश उतरतो, त्यामुळे फांद्यांच्या बगलांपर्यंत पोचतो आणि रंग पाण्यात मिसळूनच दिसतात. लाल-हिरवे ठिपके वाळूवर फिरत नाहीत. बदल्यात पाण्याची ती नाचरी चमक मंदावते, आणि टाकीच्या डोक्यावर एवढं मोठं फिटिंग आलं की काम करताना ते बाजूला सारावं लागतं.

साध्या काळ्या डब्यातला एलईडीही पॅनेलसारखाच दिसतो, पण त्यात प्रत्येक एलईडीवर अरुंद लेन्स असते. पार भरपूर, निळा-पांढरा असे दोनच चॅनेल, पंख्याचा आवाज. सॉफ्ट आणि एलपीएससाठी तो उंच टांगून मंद चालवला तर उत्तम काम देतो, त्याला कमी लेखू नये.

बार, म्हणजे लांब पट्टीसारखा एलईडी, मुख्य दिवा म्हणून मला फक्त लांब-अरुंद टाकीत पटतो. त्याची खरी जागा पकच्या पुढे आणि मागे एकेक. त्याचा रंग बहुधा ठरलेला असतो, तो बदलता येत नाही, पण कोपरे आणि फांद्यांच्या बाजू भरून निघतात.

टी५ (बारीक फ्लुरोसंट ट्यूब) आणि एलईडीची जोड हा एसपीएसवाल्यांचा जुना, विश्वासू मार्ग. परावर्तकातून येणारा ट्यूबचा प्रकाश सर्वांत सम पडतो, वर एलईडीची चमक मिळते. मात्र ट्यूब ९ ते १२ महिन्यांनी बदलाव्या लागतात, पाणी जास्त तापतं, बाष्पीभवन वाढतं. शिवाय युरोपीय संघात सर्वसाधारण वापराच्या टी५ ट्यूब २०२३पासून नव्याने बाजारात आणायला बंदी आहे. ॲक्वेरियमच्या खास ट्यूब अजून मिळतात, पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने या वाटेला जावं असं मला वाटत नाही.

तेव्हा ६० सेंटिमीटरची, सॉफ्ट आणि एलपीएसची टाकी असेल तर एक पक पुरे. १२० सेंटिमीटरच्या मिश्र टाकीला दोन पक आणि दोन बार. अक्रोपोराच मुख्य असेल तर डिफ्यूझरवालं पॅनेल, आणि ज्यांच्याकडे टी५चं फिटिंग आधीपासून आहे त्यांनी ते मोडीत न काढता मध्ये एलईडी वाढवावा.

आता जुळवणी. इथे सर्वांत मोठा धोका आपल्या डोळ्यांचाच. माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो, निळ्याला फार कमी. म्हणून ४५० नॅनोमीटरच्या गडद निळ्यात न्हालेली टाकी अंधारी वाटते, आपण ताकद वाढवतो, आणि खाली कोरल भाजत असतात. फोनमधलं लक्स मोजणारं ॲपही डोळ्याच्याच हिशोबाने चालतं, त्यामुळे तेही फसवतं. पाण्याखाली चालणारा, निळा नीट मोजणारा पार मीटर हवा. ॲपोजीचा एमक्यू-५१० यासाठीच बनवलेला आहे. तो विकत घ्यायला हवाच असं नाही, एका दिवसासाठी मागून आणला तरी भागतं. लाटा पाडणारे पंप थांबवा, म्हणजे आकडा स्थिर होईल. मग प्रत्येक कोरलच्या जागी, त्याच्याच उंचीवर सेन्सर धरून आकडे कागदावर टिपा. मधला आकडा फार चढा आणि कडा उपाशी असतील तर टक्केवारीला हात लावण्याआधी दिवा दहा सेंटिमीटर वर घ्या.

नवा दिवा ठरवलेल्या ताकदीच्या निम्म्यावर सुरू करावा आणि आठवड्याला पाचेक टक्क्यांनी वाढवावा. कित्येक दिव्यांत यासाठी वेगळी सोय असते, ती जरूर वापरा. पूर्ण ताकद आठ-नऊ तास, दोन्ही बाजूंना तासा-दीड तासाचा चढ-उतार. दिवसभरात मिळालेला एकूण प्रकाशही लक्षात घ्यावा: २०० पार ९ तास आणि १५० पार १२ तास, दोन्ही सारखेच, चौरस मीटरला सुमारे ६.५ मोल. कोरल थोडा उपाशी वाटला तर ताकद चढवण्यापेक्षा वेळ तासाभराने वाढवणं जास्त सौम्य पडतं.

रंगांत निळे आणि जांभळे चॅनेल पुढे ठेवा. प्रकाशसंश्लेषण आणि कोरलची चमक दोन्ही त्यावर चालतात. पांढरा डोळ्याला बरा वाटेल इतका. लाल-हिरवा अगदी थोडा.

झोआ देठ लांबवून वर येऊ लागले तर प्रकाश कमी पडतोय. माथा फिका पडला, पॉलिप मिटलेले राहू लागले, तर जास्त होतोय. एसपीएस तपकिरी झाला तर प्रकाश कमी आहे किंवा नायट्रेट-फॉस्फेट चढलेत, आणि ते आधी तपासल्याशिवाय दिव्याला हात लावू नये. नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकलेल्या टाकीत तर प्रखर दिवा दुप्पट घातक. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे थांबा. कोरल त्याआधी उत्तर देत नाही.

नवा फ्रॅग आणला म्हणून सगळ्या टाकीचा दिवा मंद करू नका. फ्रॅग वाळूवर ठेवा, पॉलिप पूर्ण उघडू लागले की आठ-दहा दिवसांनी एकेक पायरी वर चढवा.