पुढून चंदन, मागून 'बेदिंग बार'

दादर स्टेशनच्या पुलावरून जाता-येता महिनाभर त्या नव्या चंदनी साबणाची जाहिरात दिसत होती. घरी टीव्हीवरही तीच नटी, तोच पितळी तांब्या. शेवटी लालबागला आमच्या नेहमीच्या वाण्याकडे सासूबाईंनी नाव घेऊन मागितला. शंभर ग्रॅमच्या चार वड्या, १४० रुपये.

वास खरंच छान. मोरीचं दार उघडलं की बाहेरच्या खोलीत दरवळतो. फेसही भरपूर. पण पाचव्या दिवशी वडी साबणदाणीला चिकटून बसली. खालून शिऱ्यासारखी मऊ, बोट लावलं तर रुतायचं. नवव्या दिवशी संपली. आम्ही माणसं चार. आधीच्या साबणाची तेवढ्याच वजनाची वडी सोळा-सतरा दिवस जायची. सासूबाई म्हणाल्या, "पावसाळी हवा आहे गं." पण आधीची वडीही याच पावसात, याच साबणदाणीत होती.

मग वेष्टन उजेडात धरलं. पुढे बोटभर उंचीचं 'चंदन'. मागे, चिकटवलेल्या घडीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत 'बेदिंग बार'. इथेच सगळं आहे. 'टॉयलेट सोप' म्हणून विकायचा तर आपल्या मानकाप्रमाणे टीएफएम, म्हणजे तेला-चरबीतून आलेला खऱ्या साबणाचा अंश, पहिल्या ग्रेडला किमान ७६ टक्के लागतो, दुसऱ्या ग्रेडला ७०, तिसऱ्याला ६०. बेदिंग बारला ४० पुरतात. आणि आपण 'टॉयलेट' शब्द वाचून नाक मुरडतो! मीसुद्धा एकदा त्या शब्दापायी चांगली वडी परत ठेवली होती.

सगळेच बेदिंग बार वाईट नसतात. डव्हसारखे बार मुळात वेगळ्या घटकांचे, त्यांना टीएफएमचं माप लावून उपयोग नाही. पण चंदनाच्या नावावर पैसे घेताय तर आत काय आहे ते पुढच्या बाजूला छापा.

परवा वाण्याला वेष्टन दाखवलं. तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक टीव्हीवरचं नाव सांगतं, मागची बाजू कोण बघतं?"

"मग तुम्ही दाखवत जा ना, शेठ."

त्याने फळीवरून म्हैसूर सँडल काढला आणि उलटा करूनच माझ्या हातात दिला. टीएफएम ८० टक्के, ग्रेड १.

नव्या साबणाला पाचपैकी दोन, तेही वासाचे. उरलेल्या वड्या हात धुवायला ठेवल्यात.