जुन्या तबकड्यांचं दुकान: पसारा माफ

एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी, ऑनलाइन मागवायची तर फोटोत सगळ्याच नव्याकोऱ्या दिसतात. इथले काका तबकडी दिव्याखाली तिरकी धरतात, ओरखडा स्वतःच दाखवतात आणि म्हणतात, "दुसऱ्या गाण्याला टकटक करेल, बघा बुवा." लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर वाचायला मी त्यांच्याकडूनच शिकलो, तबकडी कुठल्या साच्यातली, याचा माग त्यावरून लागतो. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या तबकड्या आडव्या रचल्या की दम देतात, उभ्याच ठेवायच्या!

मांडणी देवाच्या भरवशावर, आणि दुकान कधी उघडेल याचा नेम नाही. एक तारा त्यासाठी कापला. पण परवा गल्ल्यामागून माझ्या नावाची चिठ्ठी डकवलेली एलपी निघाली. तिच्याबद्दल मी दोन वर्षांपूर्वी सहज बोललो होतो.