अंगकोरला तीन दिवस द्या म्हणणारं नवी पेठेतलं ऑफिस

सोलापूरच्या नवी पेठेत टॉवेल-चादरींच्या एका होलसेल दुकानाच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की हे ट्रॅव्हल ऑफिस लागतं. दोन टेबलं, एक प्रिंटर, भिंतीवर जगाचा नकाशा. पस्तिशीतली एक ताई आणि तिचा भाऊ मिळून चालवतात. डिसेंबर २०२४ मध्ये मी, आमचे हे आणि माझी धाकटी बहीण असे तिघं त्यांच्या आखणीवर कंबोडियाला जाऊन आलो. पहिल्या भेटीला ह्यांना गुडघ्यामुळे तो जिना चढवेना, तर ताई स्वतः वही घेऊन खाली आली आणि दुकानाच्या कट्ट्यावर आमच्याशेजारी बसली. मला तिथंच बरं वाटलं.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. समुद्रमंथनाची गोष्ट दरवर्षी पोरांना सांगायची. फळ्यावर मंदार पर्वत काढायचा, वासुकीची दोरी काढायची, पोरांचे दोन गट करून खरी दोरी ओढायला लावायची. कंबोडियातल्या अंगकोर वाट ह्या जुन्या देवळाच्या भिंतीवर हीच गोष्ट जवळजवळ पन्नास मीटर लांब कोरलेली आहे, हे कळल्यापासून ती एकदा डोळ्यांनी बघायची होती. रिटायर झाल्यावर पहिला खर्च हाच करायचा, हे मी ठरवून टाकलं होतं.

त्याआधी आम्ही एका मोठ्या कंपनीचं पॅकेज जवळजवळ नक्की केलं होतं. थायलंड आणि कंबोडिया मिळून सहा रात्री, त्यात अंगकोर अर्धा दिवस. माणशी दर कमी वाटला म्हणून ह्यांचा तिकडे ओढा होता. तो कागद मी ताईपुढं ठेवला. तिनं विमानांच्या ओळीवर बोट ठेवलं. "काकू, हे बघा. मुंबईहून उतरताय डॉन म्यूआंगला आणि पुढचं विमान हाय सुवर्णभूमीवरनं. बँकॉकात दोन विमानतळ हायेत. मधे चार तास दिलेत. सामान घ्यायचं, इमिग्रेशन करायचं, गाडीनं शहर ओलांडायचं, परत चेक-इन. काकांना घेऊन जमतंय का?" शिवाय त्या दरात टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आयकर, धरलेलाच नव्हता. परदेशी पॅकेजवर तेव्हा पाच टक्के टीसीएस कापला जायचा. रिटर्न भरताना तो आपल्या हिशेबात येतो, पण पैसे भरताना हातात असावे लागतात. हे आम्हाला तोवर कुणी बोललंच नव्हतं.

तिची पद्धत अशी की दर शेवटी सांगते. आधी प्रश्न. तिघांत कोण किती चालतंय? मांसाहार कोण करतंय? रात्री किती वेळा उठावं लागतं? घरी परत कधी यायलाच पाहिजे? शेवटच्या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिलं, गड्ड्याच्या आधी. गड्डा म्हणजे संक्रांतीची सिद्धरामेश्वरांची यात्रा, ती सोडून मी कुठंही राहिलेली नाही. तिनं डिसेंबरचा दुसरा आठवडा काढला. तेव्हा तिकडे पावसाळा संपलेला असतो, हवा त्यातल्या त्यात थंड असते, आणि डोंगरातल्या ओढ्यांना अजून पाणी असतं. ह्या पाण्याचं महत्त्व मला पुढं कळलं.

कंबोडियाचा ई-व्हिसा तिनं अधिकृत सरकारी संकेतस्थळावरून आमच्यासमोर भरला. तसल्याच नावाच्या खासगी साइटी बऱ्याच आहेत, त्या जास्त पैसे घेतात, हे दाखवूनही दिलं. निघायच्या आधीच्या आठवड्यात ई-अरायव्हल अर्ज भरायचा असतो, तो भावानं व्हॉट्सॲपवर बसून करून दिला. अंगकोरचा पास एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. ताईनं तीन दिवसांचाच घ्यायला लावला. तो दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी वापरता येतो, म्हणजे ह्यांचे पाय दुखले तर मधे एक दिवस हॉटेलात पडून राहता येतं. आम्ही तेच केलं. विमानं, हॉटेल, व्हिसा, फिरणं सगळं धरून माणशी ८६ हजार आले. त्यात ताईची आखणीची फी दीड हजार, तीही पावतीवर वेगळी लिहिलेली.

खाण्याबद्दल तिनं स्पष्ट सांगितलं होतं, भाजी म्हणून दिलेल्या पदार्थातही माशाची फिश सॉस किंवा प्राहोक म्हणजे आंबवलेल्या माशांचा गोळा असू शकतो. बहिणीला आणि मला ते चालणारं नव्हतं. खमेर लिपीत "मासे, मांस, फिश सॉस नको" असं छापलेलं एक कार्ड तिनं दिलं, ते रोज उपयोगी पडलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही नेलीच होती. चटणी हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये टाका, हेही तिचंच. बाजरीच्या कडक भाकऱ्या सातव्या दिवशीही तशाच कुरकुरीत होत्या.

सगळे लोक पहाटे पश्चिमेच्या तळ्याकाठी सूर्योदयाचा फोटो काढायला उभे राहतात. ताईनं आमच्या टुकटुकवाल्याला पूर्वेच्या बाजूला सोडायला सांगितलं होतं. तिकडून झाडीतली सपाट पायवाट आहे, गर्दी नाही, आणि मंथनाची भिंत पूर्वेलाच आहे. सकाळचं कोवळं ऊन सरळ त्या दगडावर पडलेलं होतं. डावीकडे असुर, उजवीकडे देव, मधे विष्णू, खाली कूर्म. असुर ९२ आणि देव ८८ आहेत असं वाचलं होतं, मी मोजायला लागले आणि चाळिशीच्या पुढे डोळे भरून आल्यानं आकडा चुकला. एकेका असुराच्या पोटऱ्या ताणलेल्या आहेत, वासुकीचं अंग प्रत्येकाच्या काखेतून गेलंय, आणि पूर्वी लोकांचे हात लागून लागून काही दगड काळ्या चकचकीत लाकडासारखे झालेत. वर अप्सरांची रांग, इवल्या इवल्या. हे भिंतीसमोरच्या पायरीवर बसले आणि तासभर उठले नाहीत. शाळेत मी पोरांना कसं उभं करायची ते मी बहिणीला तिथं करून दाखवलं. आम्हाला कुणी घाई करणारं नव्हतं. अर्ध्या दिवसाच्या पॅकेजात हा तास कुठून आला असता?

तिसऱ्या दिवशी बांतेय स्रेईचं गुलाबी दगडाचं देऊळ बघून, ह्यांना तिथल्या सावलीत बसवून आम्ही दोघी बहिणी क्बाल स्पिअनला गेलो. जंगलातून दीडेक किलोमीटर चढ आहे. वर ओढ्याच्या तळातल्या खडकावर शिवलिंगंच शिवलिंगं कोरलेली आहेत, ओळीनं, आणि पाणी त्यांच्यावरून वाहत खाली शेतांकडे जातं. उन्हाळ्यात ओढा आटतो, म्हणून डिसेंबर. आपल्या सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली ती बाराव्या शतकात, आणि अंगकोर वाटही त्याच शतकातलं. मी चप्पल काढून काठावर बसले आणि पाणी कपाळाला लावलं. पासमध्ये ही जागा येते. कुलेन डोंगरावरची सहस्रलिंगं वेगळी, त्याचं तिकीटही वेगळं, दोन्हींत गल्लत करू नका.

आता तक्रार. गुडघ्यांचं एवढं विचारून घेतलं, आणि अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरात आम्हाला खोली दिली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवीन विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटर दूर आहे, तिथून पोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले होते. ऑफिसचा फोन बंद. ह्यांना एकेका पायरीवर थांबत वर न्यावं लागलं, ते दृश्य मला अजून त्रास देतं. सकाळी ताईनं मेसेज बघितल्याबरोबर हॉटेलशी बोलून तळमजल्यावर खोली मिळवून दिली आणि माझी माफी मागितली. पण रात्रीसाठी एक नंबर असायलाच हवा. परदेशात माणसं पाठवता, तर रात्री अकराला कुणीतरी फोन उचललाच पाहिजे. हे मी तिला समोर बसून सांगितलं. गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी गेल्या तेव्हा त्यांच्या कागदावर भावाचा रात्रीचा नंबर होता.

डॉलरच्या नोटा स्वतः तपासून घ्या. कंबोडियात रोजचा व्यवहार डॉलरनं चालतो, पण कडेला बारीकसा फाटलेला, शाईचा डाग असलेला डॉलर कुणी घेत नाही. आमची शंभरची एक नोट सगळीकडून परत आली, ती अजून कपाटात आहे.

आठ दिवसांत चार देश उरकायचे असतील तर इथं जाऊ नका, ताई तुम्हाला थांबवून धरेल. म्हाताऱ्या आईवडिलांना न्यायचं असेल तर जरूर जा. ऑफिस सकाळी अकरानंतर उघडतं, सोमवारी बंद. जिना चढता येत नसेल तर खालून फोन करा, ती येते.