कॅटलान सात महिने खेळून: सी४ च्या प्याद्याची उधारी

कॅटलान ही बुद्धिबळात पांढऱ्यानं डाव सुरू करायची एक पद्धत, म्हणजे ओपनिंग: प्यादी डी४, सी४ वर, मग जी३ करून उंट जी२ वर, आणि सी४ चं प्यादं काळ्याला खाऊ द्यायचं (सी४, जी२ ही पटावरच्या घरांची नावं). ऑगस्टमध्ये लातूरच्या एका स्पर्धेत नववीतल्या पोरानं माझं सी४ चं प्यादं खाल्लं, बी५ करून त्या जागेला टेकू दिला आणि शेवटपर्यंत पचवलं. त्या रागात हे लिहायला घेतलं, अर्धवट राहिलं. बरं झालं राहिलं.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी-खत आज न्यायचं, पैसे सोयाबीन निघाल्यावर. दिवसभर उधारी कमी पडती का, म्हणून बुद्धिबळातबी उधारीचीच ओपनिंग कामून घेतली, असं घरचे विचारतात.

पहिले तीन महिने वसुलीची घाई केली. प्यादं गेलं की वजीर ए४ वर, शह, मग सी४ वर. प्यादं मिळायचं, पण काळा ए६, बी५ करत वजिरालाच पळवायचा, उंट बी७ ला आणायचा, सी५ रेटायचा. माझ्या जी२ च्या उंटासमोर त्याचा उंट. मग जी३ ची चाल खर्चली कशाला? (कोर्स विकत घेतला नाही, घेणारही नाही. मोबाइलवर फुकट दिसतं तेवढं बास.)

मत बदललं ते २०१० च्या सोफियातल्या आनंद-टोपालोव विश्वविजेतेपदाच्या लढतीच्या दुसऱ्या डावानं. आनंदचं एक प्यादं कमी, तरी १५ व्या चालीला वजीर ए३ वर नेऊन त्यानं वजिरांची अदलाबदल केली, ए पट्टीत दुहेरी प्यादी पत्करली. माझ्या वहीत याला दिवाळं म्हणतात. पण सी पट्टीवर त्याचे दोन्ही हत्ती आले आणि डाव त्यानं जिंकला.

तेव्हापासून माझा वजीर घरीच. बी५ झालं की घोडा एफ३ वरून ई५ वर. उंटाची तिरकी रेघ मोकळी, टोकाला थेट ए८ चा हत्ती. तो सावरेपर्यंत ए४ करून टेकू कुरतडायचा. प्यादं येईल तेव्हा येईल, तोवर सी६ चं घर व्याज देतं.

बंद प्रकारात, म्हणजे काळा सी४ चं प्यादं खातच नाही तेव्हा, फार सांगण्यासारखं नाही. काळ्यानं सी६ करून दार लावलं की ई४ ची तयारी करत बसा, दोन चहा होतात. तीन मिनिटांच्या डावात वापरू नका.

आणि काळ्यानं ई६, डी५ केलं तरच हे सगळं. परवा परभणीत तेच पोरगं समोर आलं. मी डी४, त्यानं घोडा एफ६, मी सी४. ई५ चा घोडा डोक्यात तयारच होता.

पोरानं जी६ केलं.