वारस थोडा थोराड असता तर? तीन पोरवयातले इंग्लिश राजे

1377 ते 1483 या काळात इंग्लंडच्या गादीवर तीन पोरं बसली: दुसरा रिचर्ड 10 वर्षांचा, सहावा हेन्री 9 महिन्यांचा, पाचवा एडवर्ड 12 वर्षांचा. तिघांचीही गादी गेली. लेखासाठी किंवा वादासाठी यातला एखादा जर-तर निवडणार असाल, तर आधी वजन करून बघा.

रिचर्डचा जर-तर सगळ्यांत लोकप्रिय आणि माझ्या मते सगळ्यांत पोकळ. त्याचा थोरला भाऊ जगला असता तरी 1377 मध्ये जेमतेम 12 चा असता. बाप, म्हणजे गादीचा वारस असलेला ‘ब्लॅक प्रिन्स’, 1376 मध्ये गेला खरा, पण 1367 च्या स्पेन मोहिमेपासून तो आजारीच होता. शिवाय 1381 च्या शेतकरी बंडात 14 वर्षांचा रिचर्ड लंडनच्या स्मिथफील्डला बंडखोरांसमोर घोडा घेऊन गेलाच की! गादी गेली ती बत्तिसाव्या वर्षी, स्वतःच्या करणीने.

हेन्रीचं गणित तर उलटंच. तो पाळण्यात असताना काकांनी चालवलेला बारभाईंचा कारभार बरा होता. 1424 मध्ये फ्रान्समधली व्हेर्नईची लढाईही जिंकली. 1437 मध्ये सूत्रं त्याच्या हाती आली आणि 1453 पर्यंत फ्रान्समध्ये कॅले बंदर सोडून काही उरलं नाही. इथे वय वाढवून काय साधणार?

पाचवा एडवर्ड मात्र खरा ऐवज आहे. त्याच्या बापाला, म्हणजे चौथ्या एडवर्डला, 1466 मध्ये पहिली मुलगी झाली, मुलगा थेट 1470 मध्ये. पहिलाच मुलगा असता तर 1483 मध्ये 17 वर्षांचा असता. या वयाला याच घराण्यात दाखला आहे: 1330 मध्ये तिसऱ्या एडवर्डची माणसं रात्री भुयारातून नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात शिरली आणि त्याच्या नावाने राज्य हाकणारा मॉर्टिमर पकडला गेला. राजा तेव्हा 17 वर्षांचाच होता. उलट 12 वर्षांचा एडवर्ड लुडलोहून लंडनला निघाला, तर काका रिचर्डने (पुढचा तिसरा रिचर्ड) वाटेत नॉर्थॅम्प्टनला त्याच्या मामासोबत रात्री जेवण केलं आणि सकाळी त्याच मामाला कैद केलं. पुढे काका ‘संरक्षक’ (पोरवयातल्या राजाच्या वतीने कारभार पाहणारा) झाला आणि जूनअखेर राजा. जाणत्या राजाला संरक्षक लागतोच कशाला?

आईबापांचं लग्नच बेकायदा, हा काकाने गादीसाठी वापरलेला आरोप तेव्हाही झाला असता, हे कबूल. पण स्वतःची माणसं बाळगणाऱ्या राजासमोर तो मांडायला छाती लागली असती. आणि फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या ब्रिटनीत आसऱ्याला असलेल्या हेन्री ट्यूडरला, ज्याने 1485 मध्ये काकाला हरवून गादी घेतली, कोणी हाक मारली नसती.