पुएब्ला की तास्को?
मेक्सिको सिटीहून एकाच दिवसाची सवड आहे ना? मग आधी बसचा हिशोब. पुएब्ला दोनेक तास, तास्को अडीच-तीन, शेवटी घाटातून.

पुएब्लाचे रस्ते सपाट, चौकटीत आखलेले. तास्कोतले दगडी चढ गुडघ्यांचा अंत पाहतात. दमलात तर पांढऱ्या बीटल टॅक्सी आहेतच.

तास्कोत १७५८चं सांता प्रिस्का चर्च, चांदीची दुकानं, बाकी गल्ल्या. पुएब्लात मात्र तलावेरा, म्हणजे रंगीत नक्षीच्या चकचकीत मातीच्या टाइल्सनी मढलेल्या भिंती, १६४६चं पालाफोक्सियाना ग्रंथालय, सांतो दोमिंगो चर्चमधलं सोनेरी रोसारिओ चॅपल. वर जेवायला मोले: सुक्या मिरच्या, तीळ, चॉकलेट वाटून केलेला काळपट रस्सा. वाटणावर वाढलेल्यांना तो परका वाटत नाही!

आईबाबा सोबत असतील तर पुएब्लाच. दागिने घ्यायचेत, चढाची हौसही आहे? तास्को, फक्त पहाटेची बस पकडा.