पहिल्या तीन चॅप्टरच्या "मदती"त माझे १५,५०० गेले, तुम्ही तरी सावध राहा

आधीच सांगते, मी कोणाकडून पेपर लिहून घेत नव्हते. विषय माझा, प्रश्नावली माझी, गाइडने मान्य केलेली. क्वांटिटेटिव्ह, म्हणजे आकडेवारीवर आधारलेल्या, पेपरचे पहिले तीन चॅप्टर, म्हणजे प्रस्तावना, लिटरेचर रिव्ह्यू आणि मेथडॉलॉजी, यांची भाषा नीट करून द्या आणि सॅम्पल साइज (किती जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची तो आकडा) बरोबर आहे का बघा, एवढंच काम होतं. नोकरी सांभाळून डेडलाइन गाठायची असेल तर माणूस मदत घेतोच ना?

पुढचं तुम्हाला माहितीच आहे. कॉलेजच्या मुलांच्या ग्रुपमध्ये कोणीतरी अशी मदत करणाऱ्या माणसाची शिफारस करतं, मग तो फोनवर "मॅडम, टेन्शन घेऊ नका". अ‍ॅडव्हान्स ६,०००. मग स्टॅटिस्टिशियनची फी म्हणून ४,५००, सिमिलॅरिटी रिपोर्टचे (मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, हे दाखवणारा अहवाल) १,८००, आणि शेवटी अर्जंट करेक्शनचे ३,२००. प्रत्येक वेळी हे शेवटचं म्हणून.

पहिला ड्राफ्ट आला तेव्हाच कळायला हवं होतं, आठवलं की अजून अंगाची आग होते. माझा अभ्यास एकाच संस्थेतल्या नर्सेसच्या कामाच्या ताणावर, सगळ्या मिळून नर्सेस २४०. आणि मेथडॉलॉजीत सॅम्पल लिहिलेलं ३८४! २४० माणसांतून ३८४ निवडणार कुठून? ३८४ हा आकडा ९५ टक्के कॉन्फिडन्स (खात्री) आणि ५ टक्के मार्जिन ऑफ एरर (चुकीला ठेवलेली जागा) धरून फार मोठ्या लोकसंख्येसाठी येतो, म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या तरी पेपरातून उचलून इथे चिकटवलेला. क्रेज्सी आणि मॉर्गनच्या १९७० च्या सॅम्पल साइजच्या तक्त्यात २४० ला १४८ येतात, दोन मिनिटांचं काम. मी त्या माणसाला विचारलं तर म्हणे "सॅम्पल जास्त असलं की रिझल्ट स्ट्राँग येतो", आणि इतक्या ठामपणे म्हणाला की मला वाटलं असेल काहीतरी, स्टॅटिस्टिक्स काही माझा विषय नाही, त्यासाठीच तर पैसे मोजले होते ना.

त्याहून भयंकर म्हणजे पायलट स्टडी, म्हणजे आधी थोड्या जणांवर घेतलेली चाचणी, झालेलीच नाही आणि तिसऱ्या चॅप्टरमध्ये क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावली किती भरवशाची ते भरलेल्या उत्तरांवरून सांगणारा आकडा) ०.८९ छापलेला. एक फॉर्म भरून आलेला नसताना पहिल्या चॅप्टरमध्ये "नल हायपोथेसिस फेटाळण्यात आले", म्हणजे "काही संबंध नाही" हे गृहीतक खोटं ठरलं, असा निकालच लिहून टाकलेला. हे तसंच सबमिट झालं असतं तर खोटा डेटा माझ्या नावावर लागला असता, त्याच्या नाही! संदर्भांचं तर विचारूच नका, जर्नल खरी, लेखकांची नावं ओळखीची, पण पेपर अस्तित्वातच नाहीत, डीओआय (प्रत्येक लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकला की भलताच लेख उघडतो. कोणीही ड्राफ्ट दिला तर आधी पाचसहा डीओआय स्वतः उघडून बघा, मगच पुढचे पैसे. सिमिलॅरिटी रिपोर्टवरची तारीखही बघा, माझ्या रिपोर्टवरची तारीख माझा चॅप्टर लिहून होण्याच्या आधीची होती.

मी हे सगळं लिहून पाठवल्यावर नंबर ब्लॉक.

मग तक्रार. बँक म्हणते पेमेंट तुम्हीच अप्रूव्ह केलंय, आम्ही काही करू शकत नाही. पोलीस चौकीत गेले तर तिथला माणूस सगळ्यांसमोर विचारतो, "म्हणजे तुम्ही दुसऱ्याकडून लिहून घेत होता?" मी समजावतेय की भाषा तपासणं आणि लिहून घेणं यात फरक आहे आणि तो हसतोय, शेवटी अर्ज ठेवून जा म्हणाला, साधी पोच दिली नाही. कॉलेजच्या रिसर्च सेलला सांगितलं की तुमच्या मुलांच्या ग्रुपमध्येच हे लोक फिरतायत, निदान एक नोटीस लावा, तर उत्तर आलं की हा तुमचा खाजगी व्यवहार आहे. खाजगी? तुमच्याच रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला सॅम्पल साइज एका स्लाइडमध्ये उरकता, गाइडला भेटायचं तर तारीख मिळत नाही, मग मुलं जाणार कुठे? ज्याने फसवलं तो मोकळा आणि मान खाली घालून उभं राहायचं मी, हा कुठला न्याय!

एकदम सगळे पैसे देऊ नका, एक चॅप्टर झाला की एक हप्ता. आणि ज्याला तुमचा डिपेंडंट व्हेरिएबल (ज्यावर परिणाम होतो का ते बघायचंय ती गोष्ट) कोणता, तो कोणत्या प्रश्नांनी मोजणार, हे फोनवर सांगता येत नाही त्याला तिथेच नाही म्हणा. माझ्या माणसाने शेवटपर्यंत प्रश्नावलीची फाइल मागितलीच नव्हती. तोच माणूस आता दुसऱ्या नावाने ग्रुपमध्ये आलाय, मेसेज शब्दन् शब्द तोच, "पहिले तीन चॅप्टर, गॅरंटीड अप्रूव्हल". कोणाला असा मेसेज आला असेल तर पैसे द्यायच्या आधी मला विचारा, चॅट आणि पेमेंटचे सगळे स्क्रीनशॉट मी जपून ठेवलेत.